तांबड्या दरडीची माती

३ मार्च

आज गव्हर्नरसाहेबांच्या घरात कामाला लागले. फार दिवसांनी पोटभर हसले, म्हणून तेच आधी लिहिते.

साहेबांनी नवं कोठार पुरुषांकडून बांधून घेतलंय. आमच्यात भिंत बायका उभी करतात. पुरुषाच्या हातात ओली माती दिली तर तो लाजून पळ काढतो. इथे चाबकामुळे पळता आलं नाही, आणि भिंत अशी उभी राहिली की उत्तरेचा कोपरा बसायला निघालेल्या गाईसारखा दिसतो. पाण्याला जाणाऱ्या बायका मुद्दाम थांबतात आणि विचारतात, दादांनो, ही उठतेय की बसतेय?

शेवटी गिलाव्याला बाईच लागली. गास्पार कारभाऱ्यानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाला, म्हातारे, एवढी मोठी फावडी घेऊन फिरतेस, विकून खायचीस की. मी म्हटलं, तुझं तोंड लिंपायला लागतील म्हणून ठेवलीत. तोही हसला. वाईट माणूस नाही.

पण मी खूश आहे ती वेगळ्याच कारणानं. कोठारात आमचं मक्याचं बियाणं आहे. निळं, तांबडं, पांढरं आणि ठिपक्यांचं, कणसं जशीच्या तशी. मी ते नेणार आहे.

६ मार्च

पाद्रीबाबांनी टाकलेले कागद आहेत, एका बाजूनं कोरे. चर्चमध्ये झाडू मारता मारता त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकावरून अक्षरं लावायला शिकले. तादेओ हसायचा. म्हणायचा, पेत्रोना, मेल्यावर देवाला चिठ्ठी लिहिणार आहेस का?

तादेओ माझा नवरा. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी आमचं तांबड्या दरडीचं गाव उठलं. गव्हर्नरचा मका-कर मात्र चुकला नाही. लोकांनी गव्याची कातडी उकळून खाल्ली. तादेओ मेला तेव्हा बियाण्याची टोपली त्याच्या उशाशी होती, आणि त्यातला दाणा कमी झालेला नव्हता. बी कोणी खात नाही. त्यानंतर शिपाई आले आणि टोपली घेऊन गेले. सगळ्यांच्याच टोपल्या नेल्या. मी आणि नणंद ओलाया चालत इकडे आलो. शेवटी मेलेल्यांना उचलायला गावात कोणी उरलं नव्हतं. ते घरातच राहिले, आणि वर छपरं पडली.

आता दुसऱ्या गावानं आमच्यातल्या वाचलेल्यांना जमीन दिली आहे. या वसंतात पेरलं नाही तर उरलेलेही जातील. म्हणून बी हवं.

कोठाराची किल्ली साहेबांच्या कमरेला असते. मी आत असते तेव्हा गास्पार दाराशी स्टूल टाकून बसतो आणि नखं कोरतो. ओलाया गिलाव्यात कालवायला भुशाच्या टोपल्या आणते. जाताना टोपली रिकामी असते. तेवढं पुरे आहे.

९ मार्च

आत गिलाव्याला सुरुवात केली. पुरुषांनी विटा इतक्या विस्कटून लावल्यात की आधी सांधे भरावे लागतात. एका विटेत रंगवलेल्या मडक्याचा तुकडा निघाला. काळ्या रेघा, मधे लाल त्रिकोण. अशा रेघा माझी सासू काढायची, दुसरं कोणी नाही.

गास्पारला विचारलं, माती कुठली? तो म्हणाला, कुठली म्हणजे? पाऊस नाही, खणायचं कुठे? तुमच्या पडक्या गावात आयती चाळलेली माती पडली होती, गाड्या भरून आणली. अख्खं घर त्याच मातीनं वाढवलंय, साहेबांची झोपायची खोलीसुद्धा. का, भाडं मागणार आहेस?

पुढच्या विटेत लहान मुलाच्या हाताचं हाड होतं. मी त्यावर गिलावा दिला आणि हळू थापला.

१२ मार्च

काल लिंपलेल्या भिंतीला टेकलेली करातल्या मक्याची पोती आज बसलेली दिसली. शिवण शाबूत आहे, कुठे भोक नाही. आत दाणा नाही.

साहेब लाल झाले. त्यांनी गास्पारला माझ्यासमोर थोबाडीत मारली. मग उंदरांसाठी आपलं मांजर आत सोडलं. संध्याकाळी दार उघडलं तर मांजर नव्हतं. ओल्या गिलाव्यातून दोन मिशा बाहेर आल्या होत्या. मी बोटानं आत दाबल्या.

आज ओलायाच्या टोपलीत भुशाखाली पांढरी कणसं गेली.

१४ मार्च

वाईट बातमी. पोती रिकामी होताहेत म्हणून साहेबांनी बियाणं दळायचं ठरवलंय. १९ तारखेला सान होसे या त्यांच्या संताच्या सणाला शिपायांना भाकरी द्यायची आहे. मी पायाशी बसून विनवलं. म्हटलं, साहेब, ते खायचं नाही, पेरायचं आहे, माझा नवरा हे बी उशाशी ठेवून मेला. त्यांनी विचारलं, तुझा नवरा या बियांशेजारी मेला, असं म्हणालीस ना? मी हो म्हटलं. ते गास्पारकडे वळून म्हणाले, बघ, ताट उशाशी ठेवून उपाशी मेला. असल्या गाढवांकडून कर वसूल करतो मी.

गास्पार हसला नाही.

दुपारी गिलावा फिरवताना भिंतीनं माझी बोटं ओढली. तान्हं मूल ओढतं तशी. हात काढला तर बोटांच्या टोकांवर कातडी नव्हती.

१६ मार्च

आता समजलंय. वाळलेली भिंत काही करत नाही. ओली भिंत खाते. त्या मातीत आमची माणसं आहेत, मीच त्यांना ओलं केलं.

मूठभर पीठ धरलं, गेलं. मांसाचा वाळका तुकडा धरला, गेला. ओळखीची नावं घेतली. ओरडूनही सांगितलं, अरे, मी पेत्रोना, तादेओची. काही फरक पडला नाही. भूक तेवढी राहिली आहे, माणसं राहिलेली नाहीत.

बियाण्याचा ढीग भिंतीपासून वीतभर दूर होता. आज तो मी मधे ओढला. अजून निळं, तांबडं, ठिपक्यांचं बाकी आहे. ओलाया म्हणते, वहिनी, पुरे झालं, चल. मी म्हटलं, पांढऱ्या बियावर किती तोंडं जगतील?

यांना दुसरं काहीतरी द्यावं लागेल. मोठं.

१८ मार्च

मोठं काय, ते मला माहीत आहे. दोन दिवस त्याचाच विचार करते आहे. मला वाईट वाटत नाही. वाटेल म्हणून थांबले होते.

सकाळपासून उत्तरेची भिंत लिंपली. जाड, भरपूर पाणी घालून. गास्पारला म्हटलं, साहेबांना सांग, चोराचं भोक सापडलंय. गास्पार माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, मी बाहेरच थांबतो. जाताना दार ओढून घेतलं.

साहेब आले. कुठे, म्हणाले. मी कोपऱ्यातली खाच दाखवली. म्हणाले, म्हातारे, काही दिसत नाही. मी म्हटलं, हात घालून बघा साहेब, आत मऊ आहे.

त्यांनी घातला.

भिंत घाईत नव्हती. आमची माणसंही अशीच हळूहळू गेली. ते मला पैसे देतो म्हणाले, जमीन देतो म्हणाले, मग बियाणं ने म्हणाले. मी त्यांच्यासमोर बसून राहिले. तादेओजवळ अशीच बसले होते. शेवटी त्यांनी पाणी मागितलं. मी भिंतीवर ओतलं.

किल्ली खाली पडली. चाटून काढल्यासारखी स्वच्छ.

१९ मार्च

सण आहे. साहेबांना शोधताहेत. गास्पारनं सांगितलं, घोड्यावरून टेकडीकडे गेले. मला म्हणाला, म्हातारे, रात्रीपर्यंत आवर आणि नीघ.

ओलायाच्या टोपलीतून निळं गेलं. तांबडं गेलं. ठिपक्यांचं उरलंय, ते नेल्याशिवाय निघणार नाही.

वाटलं होतं त्यांचं पोट भरेल. भिंत सकाळी वाळली होती, पण हात लावला तर — आतून थरथरत होती.

बाहेर ढग आलेत. लोक अंगणात येऊन वर बघताहेत, बायका रडताहेत. इतक्या वर्षांनी. मीसुद्धा बघितलं, मग भिंतींकडे बघितलं. सगळं घर त्याच मातीचं आहे.

२० मार्च

बर्फ. पहाटेपासून. आता ऊन पडलंय आणि छपरावरून वितळून — सगळ्या भिंतींवर.

स्वयंपाकघराकडून आवाज येत होते. आता नाहीत.

गास्पार ओसरीतून हाका मारत होता, म्हातारे, दार उघड, दार — मी कोठाराचं दार उघडायला गेले. चौकट ओली. तो बोलता बोलता थांबला. तो यांचं काही देणं लागत नव्हता. मी सांगितलं त्यांना. ऐकत नाहीत.

मधेच उभी आहे. ठिपक्यांची कणसं झरोक्यातून फेकते. ओलाया बाहेर बर्फात, भिंतीपासून लांब, हात ताणून. झेलते.

—

सगळी दिली. ओलाया म्हणते, वहिनी, तूही ये. झरोका वीतभर. म्हटलं, लहान हो म्हणतेस का मला? रडते आहे ती.

छप्पर गळतंय. जमीनही ओली. पाय —

तादेओ, असशील तर —

नाही. कोणी नाही.

हे कागदही देते. ओलाया, थांब, एवढं लिहू दे. तांबडं वरच्या वाफ्यात. ठिपक्यांचं खाली, ओढ्याच्या बाजूला. निळं दोन हात अंतरावर, खोल. आणि हे घर पडेल तेव्हा इथली माती कोणी, अगदी मूठभरसुद्धा, कुठल्याही शेतात किंवा —