बाई विचारत का नाहीत

मालगुंड, ४ ऑगस्ट २००४

चि. राजाराम यास,
ताईचा सप्रेम जयभीम, वि. वि.

आमच्या भावजयीचा, दर्शनाचा गुडघा कसा आहे? राहीला दर गुरुवारी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेते आहे. मनाच्या या आजाराचं नाव बॉर्डरलाइन असं काहीसं आहे. सकाळी मी जगातली सगळ्यात चांगली आई असते, संध्याकाळी वैरीण. दोनदा तिने स्वतःला इजा करून घेतली, ते तुला ठाऊक आहेच. लेक हातची जाईल या भीतीने वर्गात शिकवणं सुचत नाही.

पण या बाई मूळ गोष्ट विचारतच नाहीत. माझी बदली सावर्ड्याला होती तेव्हा तिचे बाबा दारूच्या भरात तिला मारून मागच्या खोलीत कोंडायचे. ते आता नाहीत, पण सगळं तिथूनच बिघडलं. बाई शिकवतात काय, तर मनात उसळी आली की गार पाण्यात तोंड बुडव, शेजारी हमिदाकडे जाऊन बस, नाहीतर मला फोन कर. याला उपचार म्हणायचं का?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
नंदाताई

विक्रोळी, १३ ऑगस्ट २००४

ती. ताईस,
राजारामचा सादर जयभीम.

दर्शनाचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. गेल्या महिन्यात राही फोनवर म्हणाली, की मामा, तूच माझा खरा बाप. मी आठवडाभर फुगून होतो. पुढचा फोन उशिरा उचलला, तर तिने संबंधच तोडला. काय चुकलं ते अजून शोधतो आहे.

बाईंचं मलाही कळत नाही. तक्रार ऐकल्याशिवाय निकाल कसा लागणार? तू इतकी वर्षं मास्तरीण आहेस. गप्प बसलेल्या मुलाला जवळ घेऊन, बोलून टाक, मोकळा होशील, म्हणत किती जणांना हसतं केलंस. राहीला तूच विचार.

भाचीवर रागावलेलो नाही, हे तिला सांग.
तुझा,
राजाराम

रत्नागिरी, १ सप्टेंबर २००४

चि. राजाराम यास,
जयभीम.

हे इस्पितळातून लिहिते आहे. राहीचा जीव वाचला, हे आधी सांगते.

रविवारी आम्ही दोघी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होतो. वर्गातल्यासारखी मी एकेक प्रश्न विचारत गेले. मग काय झालं, तेव्हा तू कुठे होतीस. ती सगळं बोलली. मी तिला जवळ घेतलं, वाटलं, दोघी सुटलो. संध्याकाळी तिने आतून कडी लावली. हमिदाच्या नझीरने दार फोडलं म्हणून आज ती आहे.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, की त्या आठवणींत त्याही तिला नेणार आहेत, पण परत यायची वाट तिच्या पायाखालची झाल्यावर. आधी जगणं, मग आठवणं. तोवर आईने काय करायचं, तर न विचारता शेजारी बसायचं. असं बसायला मला कधी कोणी शिकवलंच नाही, राजाराम.

इथली काळजी करू नको, असं लिहवत नाही.
ताई

विक्रोळी, १२ सप्टेंबर २००४

ती. ताईस,
सादर जयभीम.

काय लिहावं समजत नाही. राहीला पत्र लिहायला बसलो. काही न विचारता लिहायचं, तर चौथ्या ओळीत संपलं. शेवटी आमच्या जिन्यातल्या मांजरीने दर्शनाचे बोंबील कसे पळवले, ते दोन पानं लिहिलं. सोबत पाठवतो. द्यावं की नाही, तू ठरव.

तुम्हा दोघींचा,
राजाराम

मालगुंड, ५ डिसेंबर २००४

चि. राजाराम यास,
ताईचा जयभीम.

तुझी मांजर राहीला फार आवडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मामा ढोंगी आहे. दोन्ही ऐकून घे आणि लिहीत राहा.

उसळी आली की ती वालांची परात माझ्यासमोर आणून ठेवते. हा आमचा ठरलेला इशारा, तिनेच निवडलेला. नेमकी तीच परात का, मला कळलेलं नाही. मी सोलायचं, विचारायचं नाही. घरात इतकं बिरडं होतं, की आमचा डबा दिसला की हमिदा दार लोटून घेते.

काल सोलता सोलता राहीने मला विचारलं, की आई, हल्ली तू काही विचारत का नाहीस. मी गोंधळले. विचारावं तर भीती, न विचारावं तर तिला वाटेल हिला काही पडलेलं नाही. शेवटी, विचारू का, एवढंच विचारलं. एक वाल बोटांत धरून तिने सोलला. मग अजून नको म्हणाली, आणि माझ्यापुढचे अर्धे वाल आपल्याकडे ओढून सोलू लागली.

अजून नको, म्हणजे कधीतरी हो, असं मी धरून चालले आहे. बरोबर की चूक, गुरुवारी बाईंना विचारेन. त्यांना विचारलेलं चालतं.

काही विचारू नको, पण पत्र पाठव.
तुझी,
ताई