त्र हाताने काढला आहे

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, भुयारी कार्यालयातील निवृत्त टंकलेखिका व दुसऱ्या किल्लीची माजी धारक, पूर्ण शुद्धीत व कुणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र टाइप करते. डोके ठणठणीत आहे, कुरकुर फक्त गुडघ्यांची. माझ्या टाइपरायटरची त्र ची कळ चाळीस वर्षे बंद आहे. म्हणून या कागदावर जिथे जिथे त्र येतो तिथे तो शाईने हाताने काढला आहे. ती खाडाखोड समजू नये.

१. राहते घर, दोन खोल्या व गॅलरी, लेकीला. मोरीचा नळ गळतो. जावई सहा वर्षे "उद्या बघतो" म्हणत आहेत. घर ताब्यात घेण्याआधी त्यांनी तो बघावा.

२. शिवणाची कात्री जाऊबाईंना. ती त्यांचीच होती असे त्या वीस वर्षे म्हणतात. घ्या एकदाची. धार मात्र मी लावली आहे, हे विसरू नये.

३. आता कार्यालयाकडून आलेल्या पत्राबद्दल. आपला देश नकाशावर अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा, आणि शेजारचा देश आपल्यावर दात धरून बसलेला. म्हणून टेकडीच्या पोटात आपण ती अस्त्रे ठेवली आणि जगाला सांगितले, आम्हाला पुसून टाकलेत तरी खाली दोघे जण दोन किल्ल्या घेऊन बसलेले असतील. त्या दोघांनी काय करायचे, ते मोठ्या साहेबांनी एका सकाळी मला तोंडी सांगितले व मी टाइप केले. त्याच सकाळी कळ मोडली आणि एक शब्द राहिला. साहेबांनी न वाचता सही ठोकली. कागदावर उरले ते एवढेच: "वर कुणी उरले नसेल तर सोडा."

पंधरा वर्षांनी, दुसरी किल्ली माझ्याकडे असताना, भर दुपारी भोंगा वाजला. वरचे फोन मुके झाले. पहिली किल्ली मिस्त्रीकडे. तो खालची यंत्रे सांभाळायचा. नियमाप्रमाणे आम्ही त्या आदेशाचे पाकीट फोडले.

"सोडा म्हणजे?" मिस्त्री म्हणाला. "डागा, की सोडून द्या?"

"लिहिलंय ते वाच."

"अगं, टाइप तूच केलंस ना? साहेब काय म्हणाले होते?"

"आठवत नाही."

"माझ्या लग्नात तुला आइसक्रीम कमी वाढलं ते आठवतं, आणि हे आठवत नाही?"

एकोणीस मिनिटे आम्ही एका शब्दावर भांडलो. मग फोन वाजला. वर सगळे धडधाकट होते. रंगाऱ्याची शिडी तारांवर पडली होती. दोन्ही देश निवांत जेवत होते. मिस्त्रीने मात्र त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला. निवृत्तीपर्यंत आम्ही चिठ्ठ्यांवर काम केले. "तिला आठवत होतं," असे तो सगळ्यांना सांगतो.

४. नवे साहेब लिहितात, आदेशाची स्वच्छ प्रत करायची आहे, तरी गाळलेला शब्द कळवावा. कळवते. त्या शब्दात त्र होता. तो "अस्त्रे" होता की "मित्रांनो", ते कार्यालयाने ओळखत बसावे. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेजाऱ्याने पहिला शब्द धरून घाबरावे, आपल्या माणसांनी दुसरा धरून थांबावे. प्रत करू नये.

५. कार्यालयाने निवृत्तीच्या वेळी दिलेला टाइपरायटर नातीला. कळ दुरुस्त करू नये. सोबत शाईची दौत आहे. ती त्या सकाळीही माझ्या टेबलावरच होती.

६. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून मिस्त्रीला मी काहीच देत नाही. सही तेवढी मागते, आणि सहीआधी हे सगळे वाचायला लावते. मिस्त्री, मला आठवत होतं. तुला एकट्याला घाम फोडला, त्याचं आजही वाईट वाटतं. आता राग सोड. या सोडचा अर्थ तरी विचारू नकोस.

ठिकाण: माझेच जेवणाचे टेबल. तारीख: निवृत्तीच्या सोळाव्या वर्षातला पहिला सोमवार.

लिहून देणार: सही केली आहे.

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे डॉक्टर. सही आहे, अक्षर लागत नाही.

साक्षीदार दुसरे: मिस्त्री. सहीखाली त्याच्या हातचे: "वाचले. सोडला. आइसक्रीम घेऊन येतो."