बंदनंतरचं पहिलं पाणी

मावशी, गुरुवारी दुपारी मी आमच्या प्रयोगशाळेतलं एक चालू पाणी मुद्दाम बंद केलं आणि शनिवारपर्यंत सगळ्यांची बोलणी खाल्ली. वाघोलीत एका जागेवर पूर्वी लोखंडी भागांना क्रोमचा मुलामा देणारी शेड होती. तिथे आता शाळा होणार आहे आणि मुलं आवारातल्या बोअरचं पाणी पिणार आहेत. तिथली माती आमच्याकडे तपासायला आली. आम्ही ती काचेच्या उभ्या नळीत भरली, वरून पाणी सोडलं, खाली ठिबकणारं तपासत गेलो. सुरुवातीला विषारी क्रोमियम भरपूर निघालं, मग कमी कमी होत शेवटी नावापुरतं उरलं. माती चांगली आहे असा अहवाल टाइप होऊन टेबलावर आला, फक्त माझी सही बाकी होती. बांधकामाचे इंजिनिअर दिवसातून दोनदा फोन करत होते. मी पेन उघडलं आणि तुम्ही आठवलात.

कॉलेजात मी अशाच क्रोमियम मुरलेल्या मातीवर पीएचडी करणारी आणि तुम्ही आमच्या बाटल्या धुणाऱ्या. हुद्द्याने मी वरची, पण मातीची नळी भरायला मला तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी मी माती कोंबून वरून भसाभसा पाणी ओतत होते. तुम्ही ओले हात पदराला पुसत आलात आणि विचारलंत, "गाडी चुकतेय का तुझी?" मग नळी रिकामी करायला लावलीत. बोटभर माती, हलकेच ठोकायची, पुन्हा बोटभर. पाणी आधी खालून चढवायचं, अगदी सावकाश, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. नाहीतर पाण्याला एखादी फट सापडते, ते तिथूनच पळतं आणि बाकीच्या मातीला शिवतसुद्धा नाही. हेच सरांनी वर्गात समीकरणांसकट शिकवलं होतं आणि मला त्यात उत्तम गुण होते. कळलं मात्र तुमच्या हाताकडे बघून.

त्या उन्हाळ्यात दर गुरुवारी शहराचं पाणी बंद असायचं. नळाला पाणी नाही म्हणून आमचं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद, म्हणून माझी मातीची नळीही आतल्या पाण्यासकट दिवसभर नुसती उभी. शुक्रवारी पाणी आलं की अख्खं पुणं जे करतं तेच मी करत होते. बंदनंतरचं पहिलं पाणी गढूळ असतं, ते सोडून द्यायचं, ही सवय हातातच होती. नळीतून निघालेलं पहिलं भांडंभर पाणी मी न तपासता तुमच्या बेसिनमध्ये ओतून द्यायची, भांडं तिथेच ठेवायची आणि पुढच्या पाण्याचे आकडे वहीत लिहायची. ते आकडे इतके छान उतरत होते की माती धुऊन निघाली असं मी सरांना सांगायच्या बेतात होते.

मग एका शुक्रवारी तुम्ही माझं मनगट धरलंत. ते पाणी टाकू नकोस, म्हणालात. मी म्हटलं, अहो मावशी, हे पहिलं पाणी आहे. तुम्ही भांडं घेऊन भिंतीच्या पांढऱ्या टाइलसमोर धरलंत. आत फिकट पिवळी झाक होती, क्रोमियमची. "दर शुक्रवारचं पहिलं भांडं पिवळं असतं," तुम्ही म्हणालात. "मला वाटलं, तू बघतेस." आजवर मला अनेकांनी झापलंय, पण इतकं कुणाचंच लागलं नाही.

त्या संध्याकाळी तुम्ही मला कसब्यात तुमच्या घरी नेलंत. माझा चेहरा बघवला नसेल. एका खोलीचं घर, ओट्यापाशी दोघी जेमतेम उभ्या राहू इतकी जागा. आमटीसाठी तुम्ही बरणीतून खारातली कैरी काढता आणि मी ती मदत म्हणून नळाखाली धरते. तुम्ही नळ बंद करता. वाहत्या पाण्याने वरचं मीठ जातं, आतलं आतच राहतं. वाटीत पाणी घेऊन त्यात ठेव, मग बघ ते कसं बाहेर येतं, असं सांगता. मी वाटीतलं पाणी चाखते, खारट. मातीच्या ढेकळातही हेच होत होतं, हे तिथे उभ्या उभ्या माझ्या लक्षात आलं. पळतं पाणी वरवरचं घेऊन जातं आणि माती स्वच्छ दिसते. थांबलेल्या पाण्यात आतलं विष सावकाश उतरतं. माझा पुढचा सगळा प्रबंध त्या ओट्यापाशी सुरू झाला.

म्हणून गुरुवारी सही न करता मी नळीचं पाणी बंद केलं, शनिवारी ते पुन्हा सोडलं आणि निघालेलं पहिलं पाणी टाइलसमोर धरलं. पिवळं होतं. यंत्राने क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी वर दाखवलं. मी टाइप केलेला अहवाल फाडला आणि ही माती उचलल्याशिवाय इथे शाळा नको असं लिहिलं. इंजिनिअर तावातावाने आले. असं थांबून थांबून कोण तपासतं, नियमात कुठे आहे, असं विचारत होते. मी म्हटलं, पाऊसही थांबून थांबूनच पडतो. ते जरा नरमले.

"हे शिकवलं कुणी तुम्हाला?"

"आमच्या सरांनी."

सर म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि माती कुठवर खणायची ते विचारून घेतलं. मुलं आता त्या मातीतून झिरपलेलं पाणी पिणार नाहीत. ते गेल्यावर मी स्वतःची समजूत घालत होते, की तुमचं नाव सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. पण मी तसा काही विचारच केला नव्हता. सर सहज तोंडात आले, कारण इतकी वर्षं मी हेच सांगत आलेय. त्या शुक्रवारनंतर सरांनी सगळ्यांसमोर माझ्या नजरेचं कौतुक केलं, तेव्हा तुम्ही बेसिनपाशी बाटल्या विसळत होतात आणि मी गप्प राहिले.

तुम्ही गेलात, पण तुमची मुलगी अजून कसब्यातल्या त्याच घरात राहते. हे पत्र निदान तिला नेऊन देता येईल. पण प्रबंधात तुमचं नाव कुठेच नाही हे तिला माहीत नाही, ते असणारच असं ती धरून चालते. भेटली की अजूनही विचारते, आईबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचून दाखवा ना. मी म्हणते, पुढच्या वेळी.