सहीखालची कोरी जागा

टोलेडो, ४ ऑक्टोबर २०२३

ती. ओडेसाआत्यास,
रेनेटाचा स. न. वि. वि.

तुझा पीचचा मुरंबा पोचला. अर्धा मी संपवला, उरलेला लेकीपासून लपवून ठेवलाय. कागदावर लिहितेय, कारण डोकं तापलंय, आणि तापलेलं डोकं कॉलेजच्या ई-मेलवर दाखवू नये हे तूच शिकवलंस.

नोकरी कायम होण्याचं हे माझं सहावं आणि शेवटचं वर्ष. यंदा झाली नाही, तर मे महिन्यात गाशा गुंडाळायचा. म्हणून परवा आमचे विभागप्रमुख व्हिटकम माझा तास बघायला मागे येऊन बसले. अर्लीनबाई म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, पन्नाशीची, शहरात बस चालवते. आईच्या अंत्यविधीवर लिहिलेला निबंध ती वाचत होती. मग आपल्या चर्चमध्ये होतं तेच झालं. कोणी म्हणालं खरंय, कोणी म्हणालं सांगा बाई सांगा, एकाने बाक वाजवला. असा तास सहा वर्षांत झाला नव्हता गं!

व्हिटकमने शेरा मारला: वर्गात गोंगाट, शिक्षिकेचा वचक नाही, इंग्रजीच्या तासाला हे शोभत नाही. आज सकाळी कागद पुढे सरकवला आणि मी मुकाट सही केली. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

लोभ आहेच, तो थोडा वाढव, सध्या लागणार आहे.

तुझी,
रेनेटा

मेकन, ७ ऑक्टोबर २०२३

चि. रेनेटास,
अनेक आशीर्वाद.

मुरंबा पोरीपासून लपवतेस? अगदी बापावर गेलीयेस.

सही म्हणजे कबुली नव्हे, बाळ. कागद वाचला, एवढाच तिचा अर्थ. तुझ्या सहीखाली कोरी जागा होती ना? ती तुझ्या उत्तरासाठी असते. दहा दिवसांच्या आत लिहून दिलंस, की त्यांना ते शेऱ्याला जोडावंच लागतं. गोऱ्या मंडळींना हे कोणीतरी कॉफी पिता पिता सांगतं. आपल्याला कोण सांगणार, कप्पाळ? म्हणूनच इंग्रजी शिकवणाऱ्या आम्हा काळ्या-सावळ्यांनी मंडळ काढलं. पहिल्या वर्षी इंग्रजी शिक्षकांच्या मोठ्या अधिवेशनात आम्हाला खोली मिळाली नाही, तर हॉटेलच्या जिन्याखाली नऊजण बसलो होतो.

हल्ली मंडळ कॉन्सुएलो अरिएता बघते, टेक्सासात शिकवते. तिला आजच्या आज फोन कर. जीभ तिखट आहे तिची, पण मनाने सोनं आहे. आणि उत्तरात रडगाणं नको. पत्र तातडीच्या टपालाने पाठवतेय, दिवस मोजून.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
आत्या

टोलेडो, २० नोव्हेंबर २०२३

ती. आत्यास,
स. न. वि. वि.

उत्तर नवव्या दिवशी दिलं. चार पानं लिहिली होती, कॉन्सुएलोने दोन उडवली. म्हणाली, तू पाच ठिकाणी माफी मागितलीयेस, कोणाच्या बापाचं काय खाल्लंयस? मला आधी राग आला, मग मोजून पाहिलं, तर खरंच पाच.

तिनेच आमचा करार वाचून काढला. शिक्षकाला बाहेरचे निरीक्षक बोलावता येतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, आणि मी सहा वर्षांत ते पान उलटलं नव्हतं. मग ती स्वतः विमानाने आली, डेट्रॉइटहून आणि क्लीव्हलंडहून मंडळाच्या आणखी दोघी आल्या. तिघींनी तास बघितला, तिघींनी अहवाल लिहिले. कॉन्सुएलो तर मधेच वर्गाबरोबर ओरडली!

आता खरी अडचण. काल व्हिटकमने गोड बोलून बसवून घेतलं. मी उत्तर आणि ते तीन अहवाल मागे घ्यायचे, तो शेरा मागे घेईल. फाईल कोरी, डिसेंबरात नोकरी कायम करणाऱ्या समितीचं मत बिनबोभाट माझ्या बाजूने. नाहीतर तो समितीपुढे माझ्या विरोधात उभा राहील. काय करू, सांग. तू म्हणशील ते.

तुझ्या भरवशावर असलेली,
रेनेटा

मेकन, २४ नोव्हेंबर २०२३

चि. रेनेटास,
अनेक आशीर्वाद.

मागे घे. सुंठीवाचून खोकला जातोय, जाऊ दे. पदरात पोर आहे, तिचं शिक्षण आहे, दवाखान्याचा विमा आहे. भांडण जिंकलीस आणि नोकरी गेली, तर मंडळ काही तुझी चूल पेटवायला येणार नाही. ह्यावर आणखी लिहीत नाही.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या

टोलेडो, १५ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
स. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग व्हिटकमकडे गेले. त्याला म्हटलं, "शेरा फाईलमध्ये राहू द्या. पण माझं उत्तर जोडूनच राहील." तो म्हणाला, का एवढा हट्ट? मी म्हटलं, माझ्यानंतर कोणी माझ्यासारखी आली आणि तिला हाच शेरा मिळाला, तर आपणच पहिल्या असं तिला वाटायला नको.

समितीत पाचजण. व्हिटकम बारा मिनिटं माझ्या विरोधात बोलला. मग बाकीच्यांनी शेरा, उत्तर आणि अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले. चार विरुद्ध एक. कायम झाले, आत्या! अर्लीनबाईने बसचा भोंगा वाजवत कॉलेजला वळसा घातला.

पण एक सल आहे, तो बोलूनच टाकते. जिन्याखाली बसून मंडळ काढणारी बाई मला मान खाली घाल म्हणते? फार लागलं मला ते. असं का लिहिलंस?

रागावलेली, तरी तुझीच,
रेनेटा

मेकन, २९ डिसेंबर २०२३

चि. रेनेटास,
अनेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी नमस्कारसुद्धा.

विचारलंस ते बरं केलंस. १९७९ साली मलाही असाच शेरा मिळाला होता. मी उत्तर दिलं. साहेबाने हसत हसत हाच सौदा पुढे केला आणि मी घेतला. फाईल कोरी, एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला केक.

दोन वर्षांनी व्हर्निस टॉलबर्ट नावाची पोरगी आली. चुणचुणीत, तुझ्यासारखी. त्याच माणसाने तिला तोच शेरा दिला. जेवणाच्या सुट्टीत तिने मला विचारलं, बाई, तुमच्या बाबतीत कधी असं झालं होतं का? मी म्हटलं, "नाही." कागदच नव्हता, मला खोटं कोण ठरवणार? मे महिन्यात व्हर्निसची नोकरी गेली. मंडळ मी त्यानंतर काढलं. लोकांनी माझे सत्कार केले, ते मी घेतले. तुला मागे घे म्हणाले, ते तुझ्या काळजीपोटी होतं, पण त्यात माझीही झाकपाक होती. चुकले मी.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी टेबलाशी बसले आणि त्या शेऱ्याचं उत्तर पुन्हा लिहून काढलं. व्हर्निसला मी काय सांगितलं, तेही त्यात लिहिलं. एक प्रत कॉन्सुएलोने शोधून दिलेल्या व्हर्निसच्या पत्त्यावर गेली, दुसरी माझ्या जुन्या कॉलेजात. काल तिथल्या कारकून बाईचा फोन आला. बिचारी गोंधळली होती. म्हणाली, मॅडम, तुमच्या फाईलमध्ये असा शेराच नाही, मग हे उत्तर जोडू कशाला?

मी म्हटलं, "जोडू नकोस. सगळ्यात वर ठेव."

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

तुझी आत्या,
ओडेसा पेटवे