ऐंशी सालानंतरचा ‘स’

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं गृहीत धरून लिहायला बसलो आहे. नसलात तर पत्र बाजूला ठेवून आधी औषध घ्या. तुमच्या पाठीची चौकशी तुमच्या ताईने आवर्जून करायला सांगितली आहे. पाठ दुखत असताना पुस्तकांचं कपाट हलवायची अक्कल कुणाची, हेही विचारायला सांगितलं आहे. (हा दुसरा प्रश्न मी विचारलेला नाही असं समजावं.) फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर तुम्ही दर वाक्याला ‘हो, पण’ म्हणता आणि ही हकिकत मध्ये कुणी ‘हो, पण’ न म्हणता ऐकण्यासारखी आहे. कागद त्या बाबतीत फार चांगला.

माझं काम तुम्हाला माहीत आहेच, तरी तुम्ही तुमच्या मित्रमंडळींत ‘आमचे जावई दातांचे डॉक्टर’ असं सांगता ते कृपा करून थांबवा. डॉक्टर तोंडाचं माप घेतात. त्या मापावरून आम्ही कवळी करतो. आमच्या कामाच्या खोलीत आम्ही तिघं. मी मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवतो. माझा सहकारी प्लास्टरचे साचे ओततो आणि तयार कवळीला चाकावर चकाकी आणतो. त्याला आम्ही ‘तबकडी’ म्हणतो, कारण त्याच्या घरी गाण्यांच्या जुन्या तबकड्या इतक्या आहेत, की पाहुण्याला बसायचं तर आधी एखादा गायक खुर्चीवरून उचलून बाजूला ठेवावा लागतो. तिसऱ्या आमच्या मालकीणबाई. त्या डॉक्टरांचे फोन घेतात आणि दातांचा रंग ठरवतात. (पांढऱ्या रंगाच्या किती छटा असतात हे जगात त्यांना आणि साड्यांच्या दुकानदारांनाच माहीत.) माणसं तीन आणि स्पीकर एक. सगळं महाभारत इथून सुरू झालं.

मी सत्तरच्या दशकाचा. तबकडी ऐंशीचा. मालकीणबाई नव्वदच्या. मी लावलेल्या गाण्यात व्हायोलिनांची रांग सुरू झाली, की तबकडी म्हणायचा, “गेलं वाटतं कुणीतरी.” त्याने त्याचं लावलं, की मला मिक्सरमध्ये बटणं पडल्याचा भास व्हायचा. मालकीणबाई आम्हा दोघांना सांगायच्या, की तुमच्या काळात लोक प्रेमाबद्दल गायचे, आमच्या काळात ते करायचे. हे सगळं हसतखेळत चाललं होतं. पण तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे, एखादा प्रश्न डोक्यात शिरला की मी त्याला भाड्याने खोली देतो. एखादं दशक चांगलं ठरतं ते नेमकं कशाने? मी दिसेल त्याला विचारत सुटलो. पार्सल घेऊन येणारा, जिना झाडणाऱ्या बाई, समोरचा चष्मेवाला, आपले घरमालक, कुणाला सोडलं नाही. आणि मेहुणेबुवा, उत्तर इतकं एकसारखं आलं की मी चकित झालो. ज्याच्या त्याच्या मते सर्वोत्तम दशक तेच, ज्यात त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा मुरुमं आली. संगीताचा आणि मुरुमांचा असा संबंध आजवर कुणी अभ्यासलेला नसावा.

याला अपवाद फक्त एक निघाला. तुमच्या मातोश्री. सत्तरचं दशक उत्तम होतं असं सासूबाई आमच्या लग्नापासून म्हणत आल्या आहेत, आणि त्या दशकात त्या दोन मुलांची आई होत्या, मुरुमं केव्हाच इतिहासजमा झालेली. म्हणजे इतका निःपक्षपाती साक्षीदार शोधून सापडायचा नाही! त्यांचं मत तुम्हालाही पाठ असेल: ऐंशी साल उजाडलं आणि गाणारे तोंडात घास धरून गायला लागले. ‘स’ नाही, ‘श’ नाही, ‘फ’ नाही, नुसती धडधड आणि मागे कुणीतरी कण्हतंय. या मतावर मी एक अख्खा सिद्धांत उभारला. ‘स’ हा पूर्णपणे दातांचा मामला आहे. जिभेचं टोक आणि वरचे पुढचे दात यांच्यात एवढीशी फट राहते, तिच्यातून वारा गेला की ‘स’. (कवळीत ती फट चुकली की माणूस शीळ घालतो. एका वकिलांच्या बाबतीत हे झालं होतं. ते ‘साहेब’ म्हणाले की कोर्टात लोक मागे वळून बघायचे.) तर ऐंशीच्या सुमाराला मायक्रोफोन ओठांना येऊन चिकटला, गायकांना दात वापरायची गरज उरली नाही आणि ‘स’ मेला, असं माझं प्रतिपादन. मी ते एका अर्धवट कवळीत जिभेच्या जागी मेणाचा तुकडा धरून तबकडीला सप्रयोग दाखवलं. तो म्हणाला, “दात तुमच्या सासूबाईंचे तपासा.” मला फार लागलं ते.

त्या प्रयोगाच्या भरात मी त्याच कवळीत उजव्या सुळ्याच्या जागी डावा सुळा बसवला. तबकडीही तावातावाने बोलत होता, त्याने तसाच साचा केला, तशीच चकाकी आणली आणि कवळी रवाना झाली. डॉक्टरांचा फोन मालकीणबाईंनी घेतला. गृहस्थ मजेत आहेत, चावतायत छान, पण एका बाजूने बघितलं तर गंभीर दिसतात आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर कुणाची तरी फिरकी घेतल्यासारखे. त्यांच्या पत्नी विचारतायत, यातलं खरं काय समजायचं? मालकीणबाईंनी फोन ठेवला, स्पीकरची वायर काढली आणि पर्समध्ये टाकली. “वाद मिटवा,” त्या म्हणाल्या, “मग गाणी.”

मेहुणेबुवा, गाण्याशिवाय त्या खोलीत नुसतं चकाकीचं चाक किंचाळतं. इतकी वर्षं ते किंचाळत होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तबकडी पाठ करून डबा खायला लागला. मालकीणबाई ‘हा रंग, तो रंग’ याखेरीज बोलेनात. तिघांचं एवढं जुनं जमलेलं घर, आणि गायकांच्या पायी मोडायला आलं. शेवटी मीच म्हणालो, की पंच नेमू. आणि पंच म्हणून सासूबाईंचं नाव सुचवलं. (विजय खिशात असताना माणूस असा उदार होतो.) तबकडीने अट घातली, की गाणं कुठल्या सालातलं हे पंचांना सांगायचं नाही. मी म्हणालो, खुशाल.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तुमची ताई त्यांना घेऊन आली. सासूबाईंनी केस नेहमीसारखे मागे न बांधता कानांवर आणले होते. मला वाटलं, पंच म्हणून नटल्या आहेत. आल्या आल्या दारात थबकल्या आणि म्हणाल्या, “हे काय टकटकतंय?” आम्ही इकडेतिकडे पाहिलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. खरं तर तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण मी गाण्यांचा क्रम लावण्यात गुंग.

पहिलं माझं गाणं. व्हायोलिनं सुरू झाली आणि सासूबाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले. “हे इतकं टोचतं होय?” त्या म्हणाल्या. “माझ्या आठवणीत तर मऊ होतं.” तबकडीने खाली मान घालून हसू लपवलं. मग त्याने त्याचं लावलं. ऐंशीच्या दशकातलं, संथ चालीचं, पुरुषाच्या आवाजातलं. तुमच्या लहानपणी तुमच्याकडे स्वयंपाकघरातल्या रेडिओवर सारखं लागायचं म्हणे. सासूबाईंनी डोळे मिटले. कडवं संपलं तशी त्या म्हणाल्या, “परत लाव.” परत लावलं. त्या ओठ हलवून शब्द जुळवत होत्या. मग डोळे उघडून तुमच्या ताईला म्हणाल्या, “अगं, हा ‘स’ म्हणतोय. चांगला स्वच्छ ‘स’ म्हणतोय!”

“कधीपासून?” मी विचारलं. (काय प्रश्न होता, पण तेवढाच सुचला.)

“पहिल्यापासूनच असणार,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी केस मागे सारले. दोन्ही कानांत यंत्रं. त्याच आठवड्यात बसवलेली. मला का सांगितलं नाही, असं मी तुमच्या ताईला विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही मान डोलावली होतीत.

कानाच्या दवाखान्यात तपासणाऱ्या बाईंनी म्हणे तक्ता बघून सांगितलं, की हे वयामुळे झालेलं नाही, फार जुनं आहे, आणि यात बारीक, उंच आवाज आधी जातात: पक्षी, घड्याळ, ‘स’, ‘श’, ‘फ’. मग सासूबाईंना आठवलं. तुम्ही प्राथमिक शाळेत असताना त्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या, ते साल. उठल्या तेव्हा जग जरा लांब गेल्यासारखं वाटलं, अशक्तपणा असेल म्हणून सोडून दिलं. माणसांचे ओठ बघून सगळं कळायचं, त्यामुळे घरात कुणाला पत्ता नाही. ओठ न दिसणारं एकच काय, तर गाणं. “मला वाटलं, गाणारेच बिघडले,” त्या म्हणाल्या. “मी बिघडले असेन हे कसं सुचणार? मी तर रोज पोळ्या करत होते.” आणि हो, फोनवरही ओठ दिसत नाहीत. तुम्ही फोन केलात की त्या लगेच तो ताईच्या हातात देतात, त्यावरून तुम्ही आत कुठेतरी रुसून आहात, हे आम्हाला कळत नाही असं नाही. तर ते तसं होतं. तुमच्याशी बोलायचं नसतं म्हणून नव्हतं.

तबकडीचा बाजी मारायचा हा क्षण, पण त्याने तो सोडून दिला. खुर्ची पुढे ओढून त्याने एवढंच विचारलं, “अजून लावू, आजी?” मग दुपारभर त्याने लावावं आणि त्यांनी विचारावं. हा कोण? ही कोण? हे वाजतंय ते वाद्य कसं दिसतं? मघाच्या त्या संथ गाण्याचे शब्द त्यांनी तबकडीकडून ओळ न ओळ समजावून घेतले. ते विरहगीत असावं असा त्यांचा इतकी वर्षं समज. तुमचे बाबा गेले तेव्हा त्या हीच चाल मनात घोळवत बसायच्या, हे त्यांनीच सांगितलं. आणि गाणं निघालं एका नवऱ्याचं, जो घरभर चष्मा शोधतोय आणि चष्मा त्याच्याच डोक्यावर आहे! सासूबाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की कानातलं यंत्र शीळ घालायला लागलं, ती शीळही त्यांना ऐकू आली आणि त्या आणखी हसल्या. “हे त्यांचंच गाणं हो,” त्या म्हणाल्या, “अगदी त्यांचंच.” आणि डोळे पुसले.

निकालाचं विचाराल तर निकाल लागलेला नाही. पंच म्हणतात, मधलं सगळं ऐकायचं राहिलंय, ते ऐकल्याशिवाय तोंड उघडणार नाही. आता त्या वरचेवर आमच्याकडे येऊन बसतात. मालकीणबाईंनी वायर परत दिली, शिवाय एक उशीही आणली. सध्या पंच ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशी आहेत आणि नव्वदला कधी पोचतील या काळजीने मालकीणबाईंचं दातांच्या रंगावर लक्ष नाही. मी मात्र सत्तरचं भांडण सोडून त्यांच्याकडेच बघत बसतो. माझ्या कानांवरून ही सगळी गाणी आपापल्या वेळी गेली, त्यांतलं एकही मी असं पुढे वाकून ऐकलेलं नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी कुणाला दशकंच्या दशकं कोरी करकरीत मिळाली, तर सर्वोत्तम कोणतं? बहुतेक उद्याचं. मुरुमांच्या सिद्धांतात हे कुठे बसवायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, पाठीला शेक.

तुमचा,
मेण्या जावई

ता. क. हे पत्र तुमच्या ताईने वाचलं. तिचं म्हणणं, एका गोष्टीचा उल्लेख राहून गेला. म्हणून कळवतो, की नंतर सासूबाई यंत्रं दाखवायला पुन्हा दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर मीही सहज म्हणून कान तपासून घेतले. इतकी वर्षं त्या चाकाशेजारी बसल्यामुळे माझेही वरचे आवाज गेलेले आहेत. तेव्हा आजकालच्या गाण्यांविषयी गेल्या दिवाणखानी चर्चेत मी तुमच्या मुलीला जे काही सुनावलं, ते तूर्त स्थगित समजावं.

ता. क. दोन. मुख्य काम राहिलं. सासूबाईंच्या वाढदिवसाला तुम्ही येणार आहात आणि दरवेळेप्रमाणे गाणार आहात. मी त्यांना खाजगीत विचारलं, की तुमचा मुलगा कसा गातो? त्या म्हणाल्या, “काय माहीत! शाळेच्या गॅदरिंगपासून बघत आलेय. लोकांचे हात वर गेले की मी टाळ्या वाजवायचे. या वेळी ऐकून वाजवीन. नाही आवडलं तर नाही वाजवणार, त्याला आधी सांगून ठेव.” तर सांगून ठेवलं. रियाज सुरू करा, मेहुणेबुवा. माझे कान शाबूत होते त्या काळात मी तुमचं गाणं ऐकलेलं आहे.