सित्रा बाकी आहे

शुक्र., १६ फेब्रु.
रिफाचा निकाल : सबनीस ६, मुग्धा ५. बुसैतीनपाठोपाठ दुसरा पराभव. दोन्ही एकेका जागेने, आणि बुसैतीन तर आमचाच विभाग.
माझी सून मुग्धा इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदासाठी उभी राहील असे मला वाटले नव्हते. उभी राहिलीच आहे, तर निदान हिशेब नीट मांडला जावा. मनामा १३–७. बुसैतीन ४–५. रिफा ५–६. एकूण मुग्धा २२, सबनीस १८. सर्व विभागांचे मिळून ५७ प्रतिनिधी, आणि अध्यक्ष तेच निवडणार. बहुमत २९. ईसा टाउनचे ७ व सित्राचे १० निवडले जायचे आहेत.
म्हणजे आघाडी चारची, आणि तीही तिचीच. तरीही परतताना गाडीत माझा मुलगा निखिल याने रेडिओ लावला, बंद केला.

शनि., १७
मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून एकच वाक्य : हवा फिरली. सहाची आघाडी चारवर आली, इतकेच घडले आहे. याला वजाबाकी म्हणतात.
खालच्या किराणा दुकानात, इथल्या भाषेत कोल्ड स्टोअरमध्ये, दूध घेताना खुद्द सबनीस भेटले. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. काही वर्षे अमेरिकेत होते. विभागवार, शुक्रवारी शुक्रवारी मतदान घेण्याची ही पद्धत तिथले पक्ष पाहून त्यांनीच मंडळात आणली.
"मोमेंटम म्हणतात याला, सर. एकदा घरंगळायला लागलं की थांबत नाही."
"घरंगळायला उतार लागतो. आपण सध्या चढावर आहात. चार जागांच्या."
मोठ्याने हसले आणि माझी पिशवी जिन्यापर्यंत आणून दिली. चिडायलाही जागा ठेवत नाहीत.

सोम., १९
दूरदर्शनवर अमेरिकेतील पक्षांतर्गत निवडणुकीचे वृत्त. निवेदक ‘मोमेंटम’ या शब्दाला अक्षरशः चिकटून बसला होता. प्रतिनिधींची बेरीज मात्र पडद्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवल्यानंतर एवढे तरी कळते की मुख्य विधान तळाशी होते.
मुग्धा ऑफिसमधून आल्यापासून फोनवर. मनाम्यातले तिचे तेरा जण. पाचांनी फोन उचलला नाही.
"कुलकर्णी वहिनी म्हणाल्या, बघू गं, कळवते."
"त्या तुझ्या प्रतिनिधी आहेत. कळवायचे काय त्यात?"
"बाबा, तुमचे तेरा कागदावर आहेत. माझे तेरा घाबरलेत."
मंडळाची घटना काढून पाहिली. प्रतिनिधीने ‘सदसद्विवेकबुद्धीने’ मत द्यावे असे तीत आहे. म्हणजे तो बांधील नाही. हे वाक्य मी आजवर निव्वळ शोभेचे समजत होतो. माझा सारा युक्तिवाद ज्या गृहीतकावर उभा होता, ते…

शुक्र., २३
ईसा टाउन : सबनीस ४, मुग्धा ३. एकूण २५–२२. जेवताना मी म्हटले, आघाडी अजून तीनची आहे. सित्रातून तिला दहांपैकी चार पुरेत, त्यांना सात लागतील.
निखिल : "बाबा, ओळीने तीनदा हरल्यावर त्याला आघाडी म्हणत नाहीत."
"मग काय म्हणतात?"
"बाहेर पडायची वेळ."
मुग्धा बऱ्याच दिवसांनी हसली. कोणाला, ते मी विचारले नाही.

रवि., २५
मावळते अध्यक्ष वैद्य पेढे घेऊन आले. निवडणूक संपण्यापूर्वीच पेढे. तेव्हाच ओळखावयास हवे होते.
"मंडळाचा अध्यक्ष आजवर बिनविरोध झालाय, सर. मुग्धाने गुरुवारी आठपर्यंत माघारीचा अर्ज द्यावा. उपाध्यक्षपद तिचंच."
"जी पुढे आहे तिनेच माघार घ्यायची, हे कोणत्या न्यायाने?"
"न्याय कसला, सर! गणपतीत एकमेकांची तोंडं बघायचीत आपल्याला."
मुग्धाने मध्येच विचारले, "मग सित्राचं मतदान?"
"उमेदवार एकच राहिला तर मतदान कसलं, बाई? तो हॉलही रद्द करून टाकू."
ती उठून आत गेली. सित्रातले, कामगार वस्तीतले आपले लोक कंपनीच्या बसने गणपतीला यायचे, प्रसादाच्या रांगेत उभे राहायचे आणि परत जायचे. मत नव्हते. सर्वसाधारण सभेत भांडून त्यांच्यासाठी दहा जागा यंदा हिनेच मिळवल्या. उभी राहिली तीही त्या भांडणातूनच.
पेढा मी खाल्ला. चांगला होता, हे नमूद करणे भाग आहे.

मंगळ., २७
सित्राचे मिलिंद आले होते. तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहेत, आणि तिथल्या बुद्धजयंतीचे सारे तेच पाहतात. बसले नाहीत. "चहा नको, सर. मित्र खाली गाडीत यल्ला यल्ला करतोय, घाई लावलीय नुसती. ताई माघार घेणार म्हणून ऐकलं."
"ठरलेले नाही."
"घेऊ देऊ नका. पोरांनी शिफ्ट बदलून घेतल्यात शुक्रवारसाठी."
"म्हणजे तुमचे मत मुग्धालाच."
"छे! माझं सबनीस साहेबांना. आमच्या क्रिकेट टीमचं सगळं बघतात ते."
"मग तिने माघार घेतल्यास तुमचाच विजय नाही का?"
"तो त्यांचा झाला, सर. आमचा कसा? पहिल्यांदा मत द्यायला मिळतंय, आणि आम्ही पोचायच्या आत खलास?"
जाताना जिन्यातून पुन्हा वर आले. "मी सबनीसांना देणार हे ताईंना सांगू नका बरं का. बिचाऱ्यांना वाईट वाटेल."

बुध., २८
दिवसभर घरात येरझाऱ्या. तिने उभे राहावे याचे सर्वांत भक्कम कारण मला अशा माणसाने दिले, जो तिला पाडणार आहे. सित्राचा कल त्याच्यासारखाच असला आणि सात जागा तिकडे गेल्या, तर सबनीसांचे २९ होतात. न सांगता तिला उभी ठेवणे ही फसवणूक. सांगितले तर बहुधा उद्याच अर्ज जाईल.
समुद्राकडे फिरावयास गेलो. हवा चांगली होती. आज तो शब्दही नकोसा झाला आहे.

गुरु., २९
सायंकाळी ती ऑफिसमधून आल्यावर तिला सर्व सांगितले, मिलिंदांचे मतही. त्यांनी नको म्हटले होते, तरी.
तिने सुरी खाली ठेवली. "म्हणजे मी उभं राहायचं ते त्यांनी मला पाडावं म्हणून?"
"पाडता यावे म्हणून. होय."
"माणसाला धीर द्यायचं काही शिकवत नव्हते का हो तुमच्या कॉलेजात?"
"तो ऐच्छिक विषय होता."
सायं. आठ वाजून गेले. फ्रिजवर तिचा फोन थरथरत होता, वैद्यांचा. निखिल म्हणाला, "घे तरी." ती भेंडी चिरत राहिली. अर्ज गेला नाही. निर्णय घेतला, असेही तिने म्हटले नाही.

शुक्र., १ मार्च
सित्रा. हॉलबाहेर, गाडीत बसून लिहितो आहे. आत केवळ इथले मतदार. उमेदवारांना एकेक करून बोलावतात, दहा दहा मिनिटे. सबनीसांचे झाले, टाळ्या भरपूर. आता मुग्धा आत आहे. निखिल गाडीत बसायला तयार नाही, दाराशी उभा आहे.
सकाळी कुलकर्णी वहिनींचा निरोप आला : अजून ठरवलेलं नाही. तेरातले किती उरले ते आता मलाही सांगता येणार नाही.
सबनीस येऊन शेजारी गाडीला टेकले. "उभी राहिली शेवटी. तुमचंच काम ना हे, सर?"
"नाही. तुमच्या एका मतदाराचे."
त्यांना काही उमगले नाही. पुढे काही विचारणार, तोच आत मोठा हशा झाला. मुग्धा बोलत असतानाच. तिच्या बोलण्याला हसले की तिला, हे इथून कळत नाही. सबनीसांनी हातातला फोन खिशात टाकला आणि मान वाकडी करून ऐकू लागले. मी काच पूर्ण खाली घेतली.