इंद्रधनच्या नावाचं आलं

१२ चैत्र
धामी, आमचा भगत, येऊन गेला. म्हणाला, आता पुरे. बस नदीत गेली त्याला चार वर्षं झाली, देह सापडला नाही म्हणून पोराला किती दिवस अधांतरी ठेवणार? चुलीपाशी पितरांत इंद्रधनला जागा द्यायची तर आलं घरी पिकलेलंच हवं, बाजारचं चालणार नाही. तेच कापून तो कौल बघणार.

घरात एकच तुकडा निघाला, चुलीवरच्या फळीवर सुकलेला. त्याला एक डोळा होता. सून मनरूपाने तो अंगणातल्या पोत्यात, शेणखतात पुरला. विधी झाला की सून मोकळी. तिच्या माहेरच्यांनी मुलगा बघून ठेवलाय — फिदिमच्या बाजारात दुकान आहे म्हणे. ती तोंडाने काही बोलत नाही, पण मला कळत नाही का!

ते आलं उगवू नये. देह नाही, तर माझा इंद्रधन गेला कशावरून? लिहून टाकलं एकदाचं.

३ वैशाख
उगवलं नाही. बरं झालं.

२१ वैशाख
हिरवं टोक वर आलं. मनरूपाने हाताला धरून नेऊन दाखवलं. मी नुसतं 'हं' म्हटलं. रात्री ताटातलं गाईपुढे ठेवलं.

१८ आषाढ
रोप गुडघ्याएवढं झालंय. शेजारची धनमाया बजावून गेली — माऊ काढून घ्या, नाहीतर सडेल. लावलेला जुना तुकडा काढून घ्यायचा, रोप मग आपलं आपण वाढतं. आमच्याकडचं नेहमीचंच काम. पण मनरूपा म्हणाली, "आई, तुम्हीच काढा. माझ्याने नाही व्हायचं."

माती उकरली. एक हिसका दिला असता तर मुळं तुटली असती आणि विधी पुढच्या वर्षावर गेला असता. कुणाला कळलंही नसतं. हात तिथेच थांबला माझा. मग वाटलं, एवढीशी पोर — माझ्या पोरापायी हिने किती जळायचं? रोप बोटांनी दाबून धरलं, माऊ अलगद सोडवली, माती थापली. परसात जाऊन रडून घेतलं.

९ श्रावण
पानं पिवळी पडली! माझ्या मनात पाप होतं, तेच भोवलं की काय? राख घातली, साचलेलं पाणी काढून दिलं, पोतं वळचणीखाली ओढलं. धामीला निरोप धाडला, मार्गशीर्षात विधी नक्की. सुनेला म्हटलं, काळजी करू नकोस, मी जगवते त्याला. ती भांडी घासत राहिली.

१४ श्रावण
सकाळी गोठ्यातून लवकर परतले. मनरूपा पोत्यात भाताची कढत पेज ओतत होती. वाफा निघत होत्या. मी दिसले तरी थांबली नाही. म्हणाली, "तुम्ही त्याला सोडलंत, आई. मला नाही जमत."

चार वर्षं एका चुलीवर जेवतो आहोत. मला वाटायचं, इंद्रधनची वाट बघणारी मी एकटीच.